वीसपैकी वीस

कारखान्यात तिला घार म्हणायचे, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. इंजेक्शनच्या औषधाच्या बाटल्या भरून झाल्या की लेबल लागण्याआधी एका खोलीत त्या एकेक करून माणसाच्या डोळ्यांनी तपासतात. त्या खोलीत ती एकतीस वर्षं बसत होती. सहा खुर्च्या, सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर समोरून उघडा असा एक खोका. खोक्याची मागची बाजू अर्धी काळी, अर्धी पांढरी, आणि वर इतका प्रखर दिवा की नव्या बाईचं पहिल्या दिवशी डोकं उठलंच पाहिजे. बाटली मानेला धरायची, हलकेच उलटी करून सुलटी करायची, पाच सेकंद काळ्यासमोर, पाच सेकंद पांढऱ्यासमोर. आत धागा, केस, काचेचा कण, काहीही दिसलं की लाल ट्रे. काही नसलं की निळा ट्रे. ऐकायला काम एवढंच. दिवसाला दीड हजार बाटल्या करून बघा आणि मग बोला.

नवख्या बायकांना सगळ्यात जास्त कोण छळत असेल तर तो बुडबुडा. औषध हललं की बारीक हवा सुटते आणि दिव्याखाली थेट काचेच्या कणासारखी चमकते. घाबरट बाई दिसेल तो बुडबुडा लाल ट्रेमध्ये टाकते आणि संध्याकाळी बोलणी खाते. घार त्यांना शिकवायची, "अगं, पळून चाललीय का बाटली? जरा थांब की. वर गेला तर हवा, खाली बसला तर कचरा." ती स्वतःही थांबायची, पण नियम म्हणून. तिला आधीच कळलेलं असायचं. कसं कळतं म्हणून कोणी विचारलं तर म्हणायची, "दिसतं म्हणून कळतं, अजून काय?" तिच्या लाल ट्रेतली बाटली परत बघायची कोणाची टाप नव्हती. एकदा मोठे साहेब त्यातली एक उचलून म्हणाले होते, यात तर काहीच दिसत नाही. घारीनं ती बाटली त्यांच्याच हातात एकदा उलटी केली. साहेबांनी बघितलं, खाकरले, आणि चष्मा पुसत निघून गेले. खोलीत हा किस्सा इतक्यांदा सांगून झाला होता की ज्या बायका तेव्हा शाळेतही गेल्या नव्हत्या, त्यासुद्धा तो समोर उभं राहून पाहिल्यासारखा सांगायच्या.

तर अशी ही बाई, आणि तिचं हे असं झालं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी: तिच्या डोळ्यांना शेवटपर्यंत काहीही झालं नाही.

एका सोमवारी फलकावर कागद लागला. पन्नास वर्षांपुढील तपासनीसांची चाचणी यापुढे वर्षातून एकदा न घेता दर सहा महिन्यांनी घेतली जाईल. नापास झाल्यास पॅकिंग विभागात बदली. पहिली चाचणी या महिन्याच्या अखेरीस. कागदावर कोणाचं नाव नव्हतं. पण सहाजणींपैकी पाचजणी पस्तिशीच्या आतल्या आणि घार छप्पन्नची, म्हणजे नाव लिहायचं तेवढं राहिलं होतं.

"तुम्हाला काय हो," शेजारच्या खुर्चीवरची म्हणाली, "तुम्ही तर डोळे मिटून पास व्हाल." सगळ्या खो-खो हसल्या. घारही हसली.

चाचणी तिला काही नवी नव्हती. अडीचशे बाटल्या द्यायचे, त्यातल्या वीस मुद्दाम खराब. वीसच्या वीस पकडायच्या, आणि चांगल्या बाटल्या उगाच लाल ट्रेमध्ये टाकायच्या नाहीत. चुकून दहापर्यंत गेल्या तर चालतं, अकरावी गेली की नापास. घारीनं अशा तीस चाचण्या दिल्या होत्या. वीसपैकी वीस, आणि चांगली एकही वाया नाही, हाच तिचा दरवर्षीचा निकाल.

खोलीची सुपरवायझर होती धाकटी. एकोणिसाव्या वर्षी कामाला लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून धाकटी. आता अडतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, खोलीची प्रमुख, तरी धाकटीच. तिला बाटली धरायला घारीनं शिकवलं होतं. ती मुद्दाम घारीच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाहेरून तपासणीवाले आले होते ना, त्यांनी काढलंय हे खूळ. मनावर घेऊ नका."

"मी कशाला घेऊ मनावर?" घार म्हणाली. आणि खरंच घेतलं नव्हतं, निदान दुपारपर्यंत तरी. दुपारी तिच्या लक्षात आलं की आपण चष्मा तिसऱ्यांदा पुसतोय.

गुरुवारी तिच्या निळ्या ट्रेतून एक खराब बाटली निघाली. पास झालेल्या बाटल्यांतून वरचे लोक मूठभर उचलून परत बघतात, त्यात सापडली. आत धागा होता. आता चुका काय, सगळ्यांच्या होतात. घारीच्याही एकतीस वर्षांत सात-आठ झाल्या असतील. मागच्याच महिन्यात शेजारणीच्या ट्रेमध्ये दोन निघाल्या होत्या, तेव्हा धाकटीनं तिला खोलीभर ऐकू जाईल असं झापलं होतं, "लक्ष कुठं असतं गं तुझं? लग्न ठरल्यापासून बघतेय मी!" ती पोरगी लाजली, बाकीच्या हसल्या, संपला विषय. घारीची बाटली निघाली तेव्हा मात्र धाकटी काही बोललीच नाही. हळूच जवळ आली, खांद्यावर हात ठेवला, आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "होतं असं, मावशी. जरा पाणी पिऊन या तुम्ही."

मावशी! एकोणीस वर्षं धाकटी तिला घारताई म्हणत आली होती. ही मावशी कधी उपटली मधेच? घारीला वाटलं, हिनं चारचौघींत दोन शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. पोरीला झापतात, कारण ती उद्या सुधारणार असते. आपल्याला पाणी प्यायला पाठवलं. ती गेली, आणि तहान नसताना ग्लासभर पाणी पिऊन आली.

मग तिनं ती बाटली मागून घेतली आणि दिव्याखाली धरली. धागा होता. लख्ख दिसत होता. दिसलाच नसता तर बरं, चष्म्याचा नंबर बदलून भागलं असतं. पण आज दिसतोय आणि काल दिसला नाही, याचा अर्थ काय लावायचा? शेजारणीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, लक्ष नव्हतं, दुसरं काय. घारीला हे उत्तर सुचलंच नाही. छप्पन्न वर्षांच्या बाईला एकच उत्तर सुचतं, आणि ते तर सोमवारपासून फलकावर लावलेलंच होतं.

त्या दिवसापासून तिचा हात अडखळायला लागला. बाटली बघायची, काही नाही म्हणून निळ्याकडे न्यायची, आणि अर्ध्या वाटेतून परत आणायची. पुन्हा काळ्यासमोर, पुन्हा पांढऱ्यासमोर. दहाचे वीस सेकंद झाले, मग तीस. संध्याकाळी हिशेब लागायचा तेव्हा तिच्या बाटल्या सगळ्यांत कमी, आणि लाल ट्रे मात्र काठोकाठ. धाकटी तो ट्रे घेऊन गुपचूप बाजूच्या टेबलावर बसायची. घारीचा लाल ट्रे कोणी परत बघतंय, हे त्या खोलीत कधी घडलं नव्हतं. एकदा धाकटी ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, या नऊ बाटल्यांत काही नाहीये हो."

"मी दोनदा बघितलं."

"बुडबुडे आहेत. हे बघा ना, वर चाललेत."

घारीनं बघितलं. बुडबुडेच होते. वर चालले होते, आरामात. तिचे कान तापले. या पोरीला हेच वाक्य आपण शिकवलं होतं आणि आज ती आपल्याला ऐकवतेय, तेही इतक्या हळुवारपणे की उलट बोलायचीही सोय नाही. ती म्हणाली, "असू दे. शंका आली म्हणून टाकल्या."

"तेच बरोबर आहे," धाकटी लगेच म्हणाली. "शंका आली की टाकायचीच. तुम्ही नका त्रास करून घेऊ."

खोलीतल्या सगळ्याच चांगल्या वागायला लागल्या होत्या. एकीनं आपल्या खुर्चीची उशी दिली. दुसरीनं डोळ्यांत घालायचे थेंब आणून दिले, तिच्या सासूला फार गुण आला होता म्हणे. घार सगळ्यांना हो म्हणायची. भांडली असती कोणी तर तिनं दोन हात केले असते. या मायेपुढे काय करणार, कपाळ?

शनिवारी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. त्यानं तासभर तपासलं. अक्षरं वाचायला लावली, थेंब घातले, यंत्रातून आत डोकावला, आणि शेवटी खुशीत येऊन म्हणाला, "आहे तोच चष्मा ठेवा. मोतीबिंदू नाही, काही नाही. तुमच्या वयाला इतके स्वच्छ डोळे मी फार कमी बघितलेत."

कोणालाही हे ऐकून हायसं वाटलं असतं. ती घरी येईपर्यंत "तुमच्या वयाला" एवढेच दोन शब्द घोळवत राहिली.

घरी नवरा होता. तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. घाटातल्या वळणांवरून छत्तीस वर्षं बस काढलेला माणूस, चेष्टेखोर, बोलका. नोकरीच्या शेवटी-शेवटी डेपोत बस मागे घेताना एकदा खांबाला घासली. बोटभर ओरखडा उठला. कोणी काही बोललं नाही. पण नंतर तो वळणावळणावर थांबायला लागला, प्रवासी ओरडायला लागले, आणि मुदतीआधी वर्षभर त्यानं आपणहून निवृत्ती मागून घेतली.

"सोडून दे गं," तो म्हणाला. "डॉक्टर काही का म्हणेना, डोक्याला ताप कशाला? मी सोडलं, काय बिघडलं माझं?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. गॅस बंद आहे ना हे बघायला तो आत्ता तिसऱ्यांदा उठला होता. रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभा राहतो आणि दुसरं कोणी पलीकडे निघालं की त्याच्या मागून जातो, हे तिनं खिडकीतून कितीदा पाहिलं होतं. लेकीचा फोन आला की बोलायच्या आधी हिच्याकडे बघतो, काय सांगू म्हणून. काय बिघडलं माझं, असं त्यानं मनापासून विचारलं होतं. ती भाजी निवडायला बसली.

पण माणूस प्रेमळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानंच काढलं, "घरीच घेऊ की तुझी परीक्षा. मी साहेब." घरातल्या औषधांच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या त्यानं धुतल्या, लेबलं खरवडून काढली, उकळून गाळलेलं पाणी भरलं. बारा बाटल्या. चारांत शिवणाच्या डब्यातला धागा, अगदी नखाएवढा तोडून. बुडाला आकडे चिकटवले, यादी लिहून शर्टाच्या खिशात घातली, टेबलावरचा दिवा ओढून घेतला, आणि घशातून आवाज काढून म्हणाला, "हं, बाई, करा सुरू. कॉपी चालणार नाही."

खूप दिवसांनी ती मोकळं हसली. पहिल्या धाग्याची बाटली तिनं उलटी करायच्या आधीच बाजूला काढली. दुसरी तशीच. चारही झाल्या. नवऱ्यानं खिशातला कागद बघून टाळी वाजवली. "चारच्या चार! अगं कसली परीक्षा घेतायत तुझी?"

"अजून आहेत," ती म्हणाली. तिनं आणखी तीन बाटल्या बाजूला काढल्या.

"छे. त्यांत काही नाही."

"ही बघ. मधोमध."

"अगं, मीच भरलंय पाणी. गाळून भरलंय."

"नीट बघ तरी."

त्यानं बाटली दिव्यासमोर धरली, चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ बघितलं. मग त्याचा आवाज बदलला. "हो गं. आहे वाटतं काहीतरी. की नाहीये? थांब हं." त्यानं दुसरी उचलली. "यातपण आहे की काय?" त्यानं खिशातली यादी परत काढली, वाचली, पुन्हा बाटली बघितली. "मी नक्की चारांतच टाकले होते ना गं?"

साहेबाची सगळी ऐट उतरली होती. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून साध्या पाण्याच्या बाटलीकडे टक लावून बघत राहिली. शेवटी तिनं दिवा बंद केला आणि बाटल्या मोरीत ओतून टाकल्या.

चाचणी शुक्रवारी सकाळी होती. खोली रिकामी केलेली, बाकीच्या पाचजणींना अर्धा दिवस दुसरं काम दिलेलं. अडीचशे बाटल्या दहा ट्रेमध्ये मांडून ठेवल्या होत्या. खराब बाटल्यांच्या बुडाला अदृश्य शाईची खूण असते, ती फक्त जांभळ्या दिव्याखाली दिसते. तो दिवा धाकटीच्या टेबलावर, झाकून. धाकटीला मनापासून वाटत होतं की घार पास व्हावी. आदल्या रात्री तिला झोप नव्हती. तिनं दार लोटलं, खाली वाकली आणि कुजबुजली, "मावशी, एवढंच लक्षात ठेवा, एकही सुटता कामा नये. बाकीचं काय ते मी बघून घेईन."

आता हे सांगायची काही गरज होती का? पण माया आली की माणसाला गप्प बसवत नाही.

घारीनं सुरुवात झकास केली. पहिले दोन ट्रे तिच्या जुन्या हातानं झाले. तीन खराब निघाल्या, तीन लालमध्ये, बाकी निळ्यामध्ये. हात आपसूक चालत होता आणि तिला मनातल्या मनात वाटूनही गेलं, उगाच घाबरत होतो आपण. तिसऱ्या ट्रेतली चौथी बाटली. काहीतरी चमकलं आणि वर गेलं. हवा. हात निळ्याकडे निघाला. आणि धाकटीचा आवाज कानात आला, एकही सुटता कामा नये. गुरुवारचा धागासुद्धा आपण असाच सोडला असेल का, हात आपसूक चालत असताना? तिनं बाटली परत आणली. उलटी केली. पुन्हा चमकलं, पुन्हा वर गेलं. तिनं ती लालमध्ये टाकली. एकच तर आहे, दहापर्यंत चालतात.

मग दुसरी. मग तिसरी. पाचव्या ट्रेपर्यंत ती मोजत होती. सहाव्या ट्रेला एक बाटली तिनं मिनिटभर धरली, घामानं बाटलीची मान निसटायला लागली म्हणून हात बदलला, आणि ती लालमध्ये टाकल्यावर किती झाल्या ते विसरली. मागे वळून लाल ट्रे मोजायला परवानगी नसते. आणि गंमत बघा, गंमत कसली, डोळे तिला दरवेळी खरं तेच सांगत होते. पहिल्या सेकंदाला सांगत होते, काही नाही, सोड. तिला ऐकू येत होतं. पण हे डोळे आता छप्पन्न वर्षांचे, यांच्या शब्दावर कसं विसंबायचं? तिला वाटलं, आपण खूप ठिकाणी काहीतरी सोडत चाललोय. शेवटच्या दोन ट्रेमध्ये तर ती प्रत्येक बाटली दोन-दोनदा उलटी करून बघत होती.

"झालं," ती म्हणाली, आणि दिव्याकडे पाठ करून बसली.

धाकटीनं जांभळा दिवा लावला आणि आधी निळ्या ट्रेतल्या बाटल्या बघितल्या, कारण भीती तिथेच होती. एकाही बुडाला खूण नाही. तिनं लाल ट्रेमधल्या खुणा मोजल्या. मग ओरडलीच ती, "वीस! घारताई, वीस! वीसपैकी वीस! मी म्हटलं नव्हतं?" जुनं नाव तिच्या तोंडून आपोआप निघालं. घारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग धाकटी उरलेल्या मोजायला लागली. मोजता मोजता तिचा आवाज खाली गेला आणि पुढं नुसते ओठ हलायला लागले. तिनं परत पहिल्यापासून मोजलं.

"किती?" घारीनं विचारलं.

"चौतीस."

"दहा चालतात."

"हो."

चौतीस चांगल्या बाटल्या. धाकटी घाईघाईनं बोलायला लागली, नियमात एक फेरचाचणी बसते, पुढच्या शुक्रवारी घेऊ, मी साहेबांशी बोलते, डोळे ठणठणीत आहेत हे तर सिद्धच झालंय, फक्त थोडं मन घट्ट करायचं, थोडा विश्वास ठेवायचा. "एवढंच ना मावशी? विश्वास तर ठेवायचाय."

"कुठून आणू?" घार म्हणाली.

धाकटीनं जांभळा दिवा बंद करून परत झाकला.

"फेरचाचणी नको," घार म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी चौतीस होऊ नयेत म्हणून मी सोडायला लागेन. मग या वीसपण सापडायच्या नाहीत. मला माहीत आहे ना मी काय करेन ते."

"असं कसं म्हणता? एकतीस वर्षं..."

"कुठं सही करायची ते सांग."

फॉर्म संगणकावर होता. बदलीचं कारण लिहिल्याशिवाय तो पुढे जात नव्हता, आणि कारणं तयार दिलेली होती, तीनच: गैरहजेरी, शिस्तभंग, दृष्टिदोष. धाकटीनं साहेबांना फोन लावला, यातलं एकही लागू नाही म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, जवळचं असेल ते निवडा. धाकटी पडद्याकडे बघत बसली. घारीनं खुर्ची पुढे ओढली, स्वतः वाचलं, आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. वीसपैकी वीस पकडलेल्या बाईच्या नावापुढे दृष्टिदोष लागला, आणि खाली तिची सही, सुवाच्य, ओळ न सोडता.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं दारातच तिचा चेहरा बघितला. तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "सुटलीस." ती हो म्हणाली.

पॅकिंगचं काम सोपं. पट्ट्यावरून लेबल लावलेल्या बाटल्या येतात. दहा बाटल्या उचलायच्या, खोक्याच्या दहा खाचांत बसवायच्या, औषधाच्या माहितीच्या कागदाची घडी आत घालायची, झाकण बंद करून खोका पुढे ढकलायचा. बघायचं काही नसतं, फार तर लेबल वाकडं लागलंय का तेवढं. तिथल्या बायका गप्पिष्ट. हसतखेळत दिवस जातो, असं सगळ्या सांगायच्या, आणि ते खरंही होतं. त्या तिला मावशी म्हणायच्या. घार हे नाव त्यांना माहीतच नव्हतं. धाकटी अधूनमधून जाळीच्या दारातून डोकावायची, हात हलवायची. दोन महिन्यांनी डोकावणं कमी झालं. तिच्याही मागं कामं होतीच, आणि तिचं स्वतःचं चाळीसावं वर्ष काही फार लांब नव्हतं.

एका सकाळी, साडेअकराच्या सुमाराला, घारीनं पट्ट्यावरून बाटली उचलली. लेबल बाटलीला पूर्ण वेढत नाही, मागे बोटभर काच उघडी राहते. त्या फटीत काहीतरी चमकलं. तिनं बाटली हलकेच उलटी केली, सुलटी केली. चमक खाली आली, सावकाश, आणि बुडाच्या कडेला जाऊन बसली. काच होती. पहिल्याच सेकंदाला तिला कळलं. कोणाच्या तरी शिरेत जायचं औषध होतं ते.

पट्ट्याच्या कडेला लाल बटण असतं. ते कोणीही दाबू शकतं. तिचा हात तिथपर्यंत गेला. बटण दाबलं की पट्टा थांबतो, खोलीतल्या सगळ्या बायका माना वळवतात, पलीकडून धाकटीला बोलावतात. धाकटी येणार, बाटली दिव्यासमोर धरणार. पाच-सहाजणी भोवती जमणार. कुठं आहे मावशी, दाखवा बरं. आणि नसलं तर? तिनं परत बघितलं. होतं, अजून होतं, बुडाशी. पण घरच्या साध्या पाण्यातसुद्धा दिसलं होतंच की. त्या चौतीस बाटल्यांतसुद्धा असंच वाटलं होतं. दृष्टिदोष म्हणून स्वतःच्या हातानं सही करून दिलेली बाई आज कोणत्या तोंडानं म्हणणार, मला दिसलं?

बाटल्या पट्ट्याच्या टोकाला साचून एकमेकींवर आपटायला लागल्या.

"काय झालं हो मावशी?" शेजारची म्हणाली. "अडलं का काही?"

"काही नाही गं," ती म्हणाली.

तिनं ती बाटली खोक्याच्या दहाव्या खाचेत बसवली, घडी घातली, झाकण बंद केलं आणि खोका पुढे ढकलला. मग साचलेल्या बाटल्या भराभर उचलायला लागली. प्रत्येक बाटली ती लेबल स्वतःकडे येईल अशी धरत होती, म्हणजे आतलं दिसणार नाही.